चेंडूच्या पोटातील धागा

जगातील पहिला चेंडू कोणी केला हे इतिहासास ठाऊक नाही. परंतु चेंडू कसा करावा हे आपल्याकडील प्रत्येक मुलास ठाऊक असते. चार चिंध्या गोळा कराव्या, त्यांचा घट्ट गोळा वळावा, त्यावर सुतळी गुंडाळावी, वरून फडके शिवावे, की लगोऱ्या फोडावयास चेंडू तयार! ही कृती इतकी साधी आहे की तीत शिकण्यासारखे काही असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. तथापि ह्याच गुंडाळण्याच्या क्रियेने गोल्फ नावाच्या एका खेळाचे सारे रूप पालटून टाकिले, पिढीजात कारागिरांचे धंदे मोडले, नवे कारखाने उभे केले आणि मोठमोठ्या न्यायाधीशांस विचारात पाडिले. ती हकीकत आमच्या बालवाचकांस व त्यांच्या पालकांस सांगावी असा आमचा आजचा विचार आहे.

गोल्फ हा मूळचा स्कॉटलंडचा खेळ. आपण गोट्या खेळताना जमिनीत खळगा करितो तसे लहान खळगे विस्तीर्ण कुरणात दूरदूर केलेले असतात, आणि काठीने चेंडू टोलवीत टोलवीत शक्य तितक्या कमी टोल्यांत तो त्या खळग्यांत घालावयाचा असतो. ह्या खेळात प्रतिस्पर्धी चेंडू अडवीत नाही. म्हणून चेंडू किती दूर जातो व किती सरळ जातो ह्यावरच पुष्कळसे अवलंबून असते. साहजिकच ह्या खेळाचा इतिहास म्हणजे बहुतांशी चेंडूचाच इतिहास होय.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा चेंडू पिसांचा असे. ओल्या चामड्याची लहान पिशवी शिवावयाची, तीत एक उंच टोपी भरेल इतकी उकडलेली पिसे लोखंडी दाभणाने ठासून ठासून भरावयाची, आणि तोंड शिवून पिशवी वाळवावयाची. वाळताना चामडे आकसे, आणि आतील पिसे मात्र फुगू पाहात. ह्या दोन विरुद्ध ओढींच्या झगड्यातून दगडासारखा कठीण चेंडू निर्माण होई. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. चांगल्या कारागिराच्या हातूनही दिवसाकाठी तीनचारच चेंडू होत. अर्थात् ते महाग असत, आणि पावसात भिजले की फाटत. सेंट अँड्र्यूज गावचा ॲलन रॉबर्टसन हा ह्या धंद्यातील अग्रणी होता. खेळाडू म्हणूनही त्याच्या तोडीचा त्या काळी क्वचितच कोणी होता.

सन १८४८ च्या सुमारास ह्या धंद्यावर वीज कोसळली. मलायाकडील झाडांचा वाळलेला चीक, ज्यास गटापर्चा म्हणतात, तो युरोपात येऊ लागला होता. हिंदुस्थानातून स्कॉटलंडात गेलेल्या एका विष्णुमूर्तीभोवती हा पदार्थ वेष्टनासाठी घातला होता, आणि त्यावरून चेंडूची कल्पना एका तरुणास सुचली, अशी एक आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, गटापर्च्याचा गुण मात्र खरा आहे. गरम पाण्यात तो मऊ होतो, हवा तसा वळतो, आणि थंड झाला की कठीण होतो. पिसे नकोत, शिवण नको, आणि चेंडू फुटलाच तर वितळवून पुन्हा वळता येतो! किंमत एकदम उतरली, आणि सामान्य माणसास हा खेळ परवडू लागला. रॉबर्टसनला मात्र ह्यात आपल्या धंद्याचा अंत दिसला. त्याच्या हाताखाली काम करणारा टॉम मॉरिस हा नव्या चेंडूने खेळला, तेव्हा दोघांत बेबनाव होऊन मॉरिस त्यास सोडून गेला. पुढे काही वर्षांनी रॉबर्टसन स्वतःही गटापर्च्याचेच चेंडू करू लागला. काळापुढे कुशल हातांसही नमावे लागते, ते असे.

गटापर्च्याच्या चेंडूने सुमारे पन्नास वर्षे राज्य केले. परंतु तो एकजिनसी व जड स्वभावाचा. त्यास टोला दिला असता खेळाडूच्या हातास झिणझिण्या येत, आणि दिलेल्या जोराचा पुष्कळसा भाग वाया जाई. पिसांच्या चेंडूत जी आतील ओढ होती ती ह्यात मुळीच नव्हती. ती ओढ परत कशी आणावी, ह्या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेत मिळाले.

ओहायो प्रांतातील क्लीव्हलंड शहरी कोबर्न हॅस्केल नावाचे एक गृहस्थ राहात असत. जवळच ॲक्रन येथे गुडरिच कंपनीचा रबराचा कारखाना होता, आणि तेथील बर्ट्रम वर्क हे त्यांचे स्नेही होते. सन १८९८ मध्ये हॅस्केल त्यांच्या भेटीस गेले असता, वाट पाहात बसल्या बसल्या त्यांनी तेथे पडलेला रबरी धागा ताणून गुंडाळावयास आरंभ केला, आणि झालेला गोळा जमिनीवर आपटताच तो उंच उसळला, असे सांगतात. ह्या गोळ्यावर गटापर्च्याचे कवच चढवावे असे ठरून दोघांनी मिळून पेटंटसाठी अर्ज केला, आणि ११ एप्रिल १८९९ रोजी त्यांस अमेरिकेचे पेटंट मिळाले. रबरी धागा ‘अतिशय ताणून’ गुंडाळलेला गाभा व त्यावर गटापर्च्याचे आवरण, हे त्या पेटंटाचे सार होय.

हे ऐकावयास सोपे वाटते. करावयास मात्र सोपे नाही. आम्ही स्वतः प्रचीती घेण्याचे ठरविले. सायकलच्या निकामी झालेल्या ट्यूबच्या कात्रीने अरुंद व लांबच लांब पट्ट्या कापिल्या, आणि दोन गोळे करावयास घेतले. एकात पट्टी नुसतीच गुंडाळावयाची, व दुसऱ्यात ती तुटेल की काय अशी भीती वाटेपर्यंत ताणून गुंडाळावयाची. पहिला गोळा अर्ध्या घटकेत झाला. दुसऱ्याने आम्हांस संध्याकाळपर्यंत बसविले. ताणलेली पट्टी बोटांतून निसटली की गोळा हातातून उडे व फिरत फिरत उलगडत जाई. अंगठे लाल झाले, मनगटे भरून आली. शिवाय एकाच दिशेने वेटोळी पडली तर गोळा लांबोडा होतो. म्हणून प्रत्येक वेढ्यागणिक तो किंचित फिरवीत राहावे लागते. अखेर दोन्ही गोळे फरशीवर सारख्याच उंचीवरून टाकिले. सैल गोळा थोडासा उसळून निमूटपणे पडून राहिला; ताणलेला गोळा मात्र पुन्हा पुन्हा उसळत अंगणात निघून गेला! रबर तेच, गोलाई तीच. अंतर पडले होते ते केवळ ताणाचे.

ह्याचे कारण असे की, रबर ताणताना जो श्रम होतो तो नाहीसा होत नाही. तो त्या धाग्यात दडून राहतो. शेकडो वेढे एकमेकांस आवळून धरितात, आणि त्यामुळे गाभा कठीण परंतु अत्यंत स्थितिस्थापक होतो. टोल्याने तो क्षणभर चपटा होतो आणि तत्काळ पूर्वरूपावर येऊन घेतलेला जोर परत देतो. पिसांच्या चेंडूतील जुनीच युक्ती येथे नव्या द्रव्याने साधली, असे म्हणावयास हरकत नाही.

कारखान्यातही प्रथम हे काम हातांनीच चाले. वल्कनीकरण केलेल्या, म्हणजे गंधकासह तापवून टिकाऊ केलेल्या, रबराच्या पातळ पत्र्याचे बारीक धागे कापीत आणि कामकरी ते एकेक चेंडूवर गुंडाळीत. असे चेंडू थोडे होत, आणि सगळे सारखेही होत नसत. ज्याचा हात अधिक ओढीचा त्याचा चेंडू अधिक जोराचा. ही अडचण गुडरिच कंपनीतील जॉन गॅमीटर नामक कल्पक यंत्रज्ञाने दूर केली. त्याने चेंडू सर्व दिशांनी फिरवीत धागा सारख्या ताणाने गुंडाळणारे यंत्र तयार केले, व १९०० साली त्याचे पेटंट घेतले. गाभा तयार झाला की त्यावर गटापर्च्याच्या दोन अर्ध्या वाट्या बसवीत, आणि तो तापविलेल्या साच्यात घालून दाबीत. उष्णतेने वाट्यांच्या कडा एकजीव होत, आणि साच्यातील नक्षी चेंडूवर उमटे. नंतर पांढऱ्या रंगाचे हात देऊन तो वाळवीत. गटापर्च्याचे कवच टोल्याने तडकत असे. म्हणून पुढे त्याऐवजी दक्षिण अमेरिकेकडील झाडांचा बलाटा नामक अधिक चिवट चीक वापरू लागले.

आरंभी जुन्या खेळाडूंनी ह्या चेंडूची थट्टाच केली. हा फार उसळतो, काबूत राहात नाही, असे ते म्हणत. परंतु १९०१ साली वॉल्टर ट्रॅव्हिसने ह्याच चेंडूने अमेरिकेतील हौशी खेळाडूंचे अजिंक्यपद मिळविले, आणि १९०२ साली इंग्लंडात हॉयलेक येथे ब्रिटिश ओपन सामन्यात सँडी हर्ड हा चारही फेऱ्या एकाच हॅस्केल चेंडूने खेळून ३०७ टोल्यांत विजयी झाला. हॅरी व्हार्डन व जेम्स ब्रेड हे केवळ एका टोल्याने मागे राहिले. त्यातील व्हार्डनच्या नावाचा गटापर्च्याचा चेंडू तर बाजारात खपत होता! त्या दिवसानंतर गटापर्च्याच्या चेंडूस कोणी फारसे विचारीनासे झाले.

चेंडूच्या पृष्ठभागाचीही अशीच गंमत आहे. गुळगुळीत चेंडू अधिक दूर जाईल असे कोणासही वाटेल; परंतु खेळून खेळून ओरखडे पडलेला चेंडूच अधिक दूर जातो, हे गटापर्च्याच्या काळीच लोकांच्या लक्षात आले होते. एडिंबरो विद्यापीठातील प्राध्यापक पीटर टेट ह्यांनी, उलट फिरकीमुळे चेंडू हवेत तरंगत राहतो, हे गणिताने दाखविले. पुढे लेस्टर येथील विल्यम टेलर ह्यांनी १९०५ साली चेंडूवर लहान लहान खळ्या पाडण्याची रीत काढून तिच्या पेटंटासाठी अर्ज केला. खळ्यांमुळे हवेचा पातळ थर चेंडूस अधिक वेळ बिलगून राहतो, मागे ओढणारा भोवरा लहान होतो, आणि चेंडू दूर जातो. गोल्फच्या चेंडूवर आजही ह्या खळ्या दिसतात.

आता न्यायाधीशांची गोष्ट. हॅस्केल कंपनीने ब्रिटनमधील एका चेंडू बनविणाऱ्या कंपनीवर पेटंटभंगाची फिर्याद केली. प्रतिवादींनी साक्षीदार आणून दाखविले की, रबरी धागा गुंडाळून चेंडू करण्याची रीत ब्रिटनमध्ये पूर्वीच प्रचारात होती. न्यायालयाने ते मान्य करून तेथील पेटंट रद्द ठरविले, आणि १९०८ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सनेही तोच निकाल कायम केला. अमेरिकेत मात्र हॅस्केलांचा हक्क चालू राहिला. एकच वस्तू एका देशात नवा शोध ठरली, आणि दुसऱ्या देशात जुनी रीत!

कोणते न्यायालय बरोबर, ह्याचा निर्णय आम्ही करू इच्छीत नाही. परंतु आमच्या मनास एक विचार राहून राहून शिवतो. पेटंटावर हॅस्केल व वर्क ह्यांची नावे आहेत. यंत्रावर गॅमीटरचे नाव आहे. विजयाच्या यादीत हर्डचे नाव आहे. यंत्र येण्यापूर्वी ज्या हातांनी एकेक चेंडू ओढून गुंडाळिला, आणि ब्रिटनमध्ये ज्यांनी पेटंटाची गोष्टही न ऐकता असे चेंडू केले, त्यांची नावे कोण घेतो? चेंडू उडतो तो त्यांनी दिलेल्या ताणामुळे. आणि तो ताण तर पांढऱ्या रंगाखाली झाकलेला! ज्या घरी मुलगा परीक्षेत पहिला येतो त्या घरीही पहाटे उठून चूल पेटविणारे हात असेच झाकलेले असतात, हे आमच्या विद्यार्थिमित्रांनी विसरू नये.

येथे एक सूचना देणे आमचे कर्तव्य आहे. काही चेंडूंच्या गाभ्यात रबराची लहान पिशवी असे, व तीत द्रव पदार्थ दाबून भरलेला असे. असे चेंडू कुतूहलाने कापून पाहताना तो द्रव जोराने उडून मुलांच्या डोळ्यांस इजा झाल्याची उदाहरणे वैद्यांनी नमूद केली आहेत. जुना चेंडू सापडला तर तो कापू नये. दडलेली शक्ती उपकारक असते तशी अपायकारकही असते.

धाग्याच्या चेंडूचे राज्य गटापर्च्याहून पुष्कळ अधिक टिकले. १९६० नंतरच्या दशकात कृत्रिम रबराच्या भरीव गाभ्याचे चेंडू निघाले, आणि २००० साली टायटलिस्ट कंपनीचा प्रो व्ही वन हा भरीव गाभ्याचा चेंडू आल्यावर थोड्याच वर्षांत नामांकित खेळाडूंनी धाग्याचा चेंडू सोडून दिला. म्हणजे पिसांचे झाले तेच गटापर्च्याचे झाले, आणि गटापर्च्याचे झाले तेच धाग्याचेही झाले. साधने अशीच येतात व जातात.

परंतु त्या धाग्याचा धडा जुना होण्यासारखा नाही. सैल गुंडाळलेला आणि ताणून गुंडाळलेला, असे दोन्ही गोळे दिसावयास सारखेच असतात. त्यांतील भेद फरशीवर पडल्यावाचून कळत नाही. विद्येचेही तसेच आहे. वर्षभर रोज थोडा थोडा ताण सोसून जी गुंडाळिली ती, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री घाईने गुंडाळिली ती, ह्या दोन्ही विद्या वरून सारख्याच गोल दिसतात. जगाची फरशी कठीण आहे. तीवर पडल्यानंतर कोणता चेंडू उसळून वर येतो, हे आम्ही सांगावयास नकोच.