झीलकऱ्याची वही

'महाराष्ट्र शाहीर' चित्रपटगृहात पाहायचा राहून गेला होता. तो पाहिला तो घरी, कल्याणला, मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी, अण्णांच्या शेजारी बसून. अण्णांना आता कमी ऐकू येते. दूरचित्रवाणीचा आवाज इतका मोठा ठेवावा लागतो की शेजाऱ्यांनीही तो चित्रपट आमच्याबरोबरच पाहिला असे म्हणायला हरकत नाही.

अण्णा जावळी खोऱ्यातले, म्हणजे शाहीर साबळ्यांच्या पसरणीपासून फार लांबचे नव्हेत. १९६९ साली रेल्वेत लागले आणि कल्याणच्या लोको शेडमध्ये त्यांची सारी नोकरी झाली. शेडमधल्या सात-आठ जणांनी मिळून एक कलापथक उभे केले होते. गणपतीत, शिवजयंतीला, कधी कुणाच्या पूजेला कोळसेवाडीपासून टिटवाळ्यापर्यंत ही मंडळी पाळी संपवून जात. अण्णा त्यात झीलकरी होते. शाहिराने ओळ टाकली की तिचे शेपूट उचलायचे, वर न्यायचे, आणि तेवढ्या अवधीत शाहिराला श्वास घेऊ द्यायचा, एवढेच त्यांचे काम. नाव त्यांचे कुठल्या हस्तपत्रिकेत छापून आले नाही. हस्तपत्रिकाच नव्हती.

चित्रपट अर्धा झाला असेल, अण्णांनी विचारले, "ह्यात झील कोण धरतंय?"

"आहेत की मागे माणसं," मी म्हणाले.

"दिसतात. ऐकू येत नाहीत."

मी ते त्यांच्या कानांवर घातले आणि गप्प बसले.

केदार शिंदे यांचा हा चित्रपट २८ एप्रिल २०२३ रोजी, शाहिरांच्या जन्मशताब्दीच्या वर्षात प्रदर्शित झाला. दिग्दर्शक शाहिरांचे नातू, म्हणजे मुलीचे चिरंजीव. भानुमतींच्या भूमिकेत दिग्दर्शकांची कन्या सना, म्हणजे शाहिरांची पणती. आणि शाहिरांच्या भूमिकेतले अंकुश चौधरी हे एके काळी 'महाराष्ट्राची लोकधारा'च्या संचात घडलेले कलावंत. इतक्या जवळच्या माणसांनी केलेल्या चित्रपटात जिव्हाळा असणार हे उघड आहे, आणि तो आहे. आईचा गाण्याला विरोध, अमळनेरची आजी, साने गुरुजींचा सहवास, भानुमतींशी संसार आणि त्या संसाराला गेलेले तडे, या जागा मनापासून रंगवल्या आहेत. अजय-अतुल यांचे संगीतही लोकांच्या ओठी बसले. हे सारे मान्य करूनही एक अस्वस्थता उरते, आणि ती या एका चित्रपटापुरती नाही असे मला वाटते.

गायकाच्या जीवनावरील चित्रपटाचा साचा आपल्याकडे आला तो मुख्यतः अमेरिकेतून. तिथल्या कंट्री संगीताच्या गायक-गायिकांवर चित्रपटगृहांसाठी आणि खास दूरचित्रवाणीसाठीही असे चित्रपट होत आले आहेत. लॉरेटा लिन हिच्यावरचा 'कोल मायनर्स डॉटर' १९८० सालचा. सिसी स्पेसेक हिने त्यातली गाणी स्वतः गायिली आणि ऑस्कर मिळवले. डॉली पार्टनच्या बालपणावरचा 'कोट ऑफ मेनी कलर्स' २०१५ साली थेट दूरचित्रवाणीसाठीच झाला. या दोन्ही चित्रपटांची नावे म्हणजे मूळच्या गाण्यांची नावे आहेत, आणि ती गाणी त्या गायिकांनी स्वतःच्या आयुष्यावरच रचलेली आहेत. खाणकामगाराची मुलगी मी, चिंध्यांचा अंगरखा माझा. गाणेच आत्मचरित्र असल्यावर आयुष्याकडून गाण्याकडे जाणारी वाट सरळ पडते.

शाहिराचे तसे नसते. तो दुसऱ्याचे आयुष्य गातो. अॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाड्यांचा जो संग्रह काढला त्याचे नावच 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे' असे आहे. अज्ञानदासाने अफजलखानाच्या वधाचा पोवाडा रचला. त्याला बक्षीस म्हणून घोडा आणि सोन्याचा तोडा मिळाला असे परंपरा सांगते. पण हा अज्ञानदास कोण, कुठला, त्याच्या घरी कोण होते? पोवाड्याच्या अखेरीस नाममुद्रा येते, तेवढीच त्याची जागा. साबळ्यांनी आपल्या आत्मचरित्राला 'माझा पवाडा' असे नाव दिले, त्यात एक मिस्कील उलटापालट आहे. ज्याने इतरांचे गायचे तो आता स्वतःचे गातो आहे. चित्रपट मात्र हीच उलटापालट गंभीरपणे करतो. शेवटच्या चरणातली नाममुद्रा ताणून तो दोन तासांची करतो. साहजिकच 'यमराज्यात एक रात्र', 'आंधळं दळतंय' ही मुक्तनाट्ये, त्यांतला तिखट विनोद, त्या त्या वेळच्या राजकारणावर मारलेली कोपरखळी, हे टप्पे म्हणून येते आणि जाते. 'आंधळं दळतंय'ने साठच्या दशकातल्या मुंबईत मराठी माणसाला काय ऐकवले, आणि तो ऐकून घरी गेला तो काय होऊन, हा प्रश्न खरे तर शाहिराच्या चरित्राचा गाभा आहे. 'जय जय महाराष्ट्र माझा' या राजा बढे यांच्या गीताचेही तसेच. श्रीनिवास खळे यांची चाल आणि साबळ्यांचा आवाज. २०२३ पासून ते राज्यगीत आहे. त्यातला 'माझा' हा शब्द गाणाऱ्या एकट्याचा नाही, म्हणून तर ते सगळ्यांना म्हणता येते.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' आहे. साबळे गेले २० मार्च २०१५ रोजी, आणि 'कोर्ट' चित्रपटगृहांत लागला त्यानंतर महिन्याभराच्या आत. त्यातला लोकशाहीर नारायण कांबळे काल्पनिक आहे. भूमिका केली नागपूरच्या वीरा साथीदारांनी, गाणी संभाजी भगत यांची. या शाहिराचे खासगी आयुष्य आपल्याला जवळजवळ दिसतच नाही. वकिलांची घरे दिसतात, न्यायाधीशांची सहल दिसते. शाहीर गातो तेव्हा कॅमेरा लांब उभा असतो आणि समोर बसलेली माणसे चौकटीत येतात. त्याच्यावरचा आरोपही असा की त्याचे गाणे ऐकून एका सफाई कामगाराने आत्महत्या केली. म्हणजे गाणे ऐकणाऱ्यात काय करते, हा जो प्रश्न आम्ही मराठीच्या प्राध्यापकांनी विचारायचा, तो तिथे सरकारी वकील विचारतात, आणि तोही भलत्याच हेतूने! हा चित्रपट मी वर्गात दाखवते. मुलांना तो संथ वाटतो. 'महाराष्ट्र शाहीर' त्यांना आवडतो, आणि त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही.

पण अण्णांचे ते वाक्य मनातून जाईना. ध्वनिमुद्रणशाळेत बांधलेल्या गाण्यात मागच्या आवाजांची जागा वाद्यमेळाने भरलेली असते. गायकाला श्वास घ्यायला कुणी उसंत द्यावी लागत नाही. अण्णांचे कान तितकेसे वाईट नव्हते.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. २०११ साली आमच्या महाविद्यालयात शाहिरी वाङ्मयावर एक दिवसाचे चर्चासत्र झाले. संयोजक मी होते. अण्णा निवृत्त होऊन तीन वर्षे झाली होती. लेकीचा कार्यक्रम म्हणून इस्त्रीचा सदरा घालून आले आणि शेवटच्या बाकावर बसले. दुसऱ्या सत्रात एका प्राध्यापकांनी पोवाड्याच्या रचनाबंधावर निबंध वाचला. प्रश्नोत्तरांच्या वेळी अण्णा उभे राहिले. "सर, तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे, पण तिथं थांबतात कुठं, ते..." एवढे बोलून त्यांनी नीट सांगण्यासाठी घसा खाकरला. सभागृहात कुणीतरी हसले. मी व्यासपीठावरून ध्वनिक्षेपकात म्हणाले, "वेळेअभावी आपण इथेच थांबू या." वेळ होता. चहा यायला अजून दहा मिनिटे होती. अण्णा बसले. रिक्षाने घरी येताना आम्ही पावसाबद्दल बोललो.

त्या रविवारी चित्रपट संपल्यावर मी त्यांना विचारले, "अण्णा, तुम्ही तेव्हा चर्चासत्रात काय सांगणार होता?" त्यांना आठवत नव्हते, किंवा आठवत नाही असे ते म्हणाले. संध्याकाळी मात्र त्यांनी पोटमाळ्यावरची पत्र्याची पेटी काढायला लावली. तीत रेल्वेचे जुने पास, आईचे औषधाचे कागद आणि एक आखीव वही होती. मला वाटले, पोवाडे उतरवून घेतले असतील. उघडली तर पानापानावर नुसते सुटे शब्द. 'आला'. 'वाटेवरी'. 'उजाडलं'. एकाखाली एक, ना अर्थ लागे ना वृत्त. शाहीर जिथे ओळ सोडतो तेवढाच शब्द झीलकऱ्याला लागतो. बाकीचा पोवाडा त्याच्या वहीत नसतो. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या, पंधरा-वीस वर्षे शाहिरी कविता शिकवणाऱ्या मला पोवाड्याची अशी प्रत असू शकते याची कल्पना नव्हती.

शब्दांपुढे पेन्सिलीने लहान गोल काढले होते. एक गोल म्हणजे एकदा उचलायचे, दोन म्हणजे दोनदा, अण्णांनी सांगितले. वाचताना ते त्या शब्दांवर बोट ठेवत होते आणि प्रत्येक शब्दाला मान किंचित वर जात होती. आवाज निघत नव्हता. एका पानाच्या तळाशी शेवटच्या शब्दापुढे गोल नव्हताच.

"इथं राहिला का?" मी विचारले.

"राहिला नाही. तिथं लिहून उपयोग नसतो," अण्णा म्हणाले. "समोर माणसं किती उरलीत ते बघायचं आणि मग धरायचं."