आमचा नंबर कव्हा?

बँकेच्या बदलीने वसईहून हिंगोलीला आले, तेव्हा आमच्या प्रार्थनागटात नऊ घरं होती. चार पगारदारांची, पाच रोजंदारीवरची. वसईत चर्चची घंटा घरात ऐकू येते. इथे औरंगाबाद धर्मप्रांत मराठवाडाभर पसरलेला. फादर महिन्यातून एकदा यायचे, एरवी आमचे आम्हीच.

प्रार्थना दर शुक्रवारी सात वाजता, बहुतेक माझ्याकडे. "हॉल मोठा आहे, कशाला कुणाला त्रास," असं मी म्हणायचे, आणि मला ते औदार्य वाटायचं. उपवासकाळ आणि हळदीचा हंगाम इथे बरोबरच येतात. दिवसभर हळद काढून बायका आठला टेम्पोतून उतरायच्या, तशाच यायच्या आणि सोफा रिकामा असला तरी दाराजवळ खाली बसायच्या. गीतांच्या पुस्तकांच्या कडा पिवळ्या झाल्या. मी त्यांना प्लास्टिकची कव्हरं घातली. आता आठवलं की लाज वाटते.

आमची पद्धत सात पायऱ्यांची. एकाने उतारा वाचायचा, मग ज्याला जो शब्द भिडला तो त्याने तीनदा म्हणायचा. आम्ही पुस्तकात शब्द शोधत राहायचो. सहीपुरत्या शिकलेल्या एक मावशी मात्र नुसतं ऐकून अख्खं वाक्य म्हणायच्या. निघताना एकदा त्यांनीच विचारलं, "मॅडम, आमचा नंबर कव्हा?"

तीन वर्षांत मी त्यांच्या वस्तीत पाऊल टाकलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी गेलो, साडेआठला. पत्र्याची खोली, सतरंजी आणि माझ्यासाठी एक खुर्ची, शेजारच्या भावाकडून आणलेली. भाऊ बौद्ध. अनुसूचित जातींचा १९५० चा आदेश आधी हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती अजून बाहेरच. "एका आईची लेकरं आम्ही," मावशी म्हणाल्या, "पर पोरांचे दाखले न्यारे."

मी सतरंजीवर टेकायला गेले, तर त्या म्हणाल्या, "वर बसा की. तुमच्यासाठीच आणली ना ती." नको म्हणणं बरं दिसेना. तासभर एकटी खुर्चीवर बसून होते. चहाही आधी मलाच.

तेव्हापासून प्रार्थना साडेआठला असते. पगारदारांपैकी दोन घरांना ती वेळ जमत नाही.