वाड्यातली रात्र

ओसाड वाडा आणि भूत ही जोडी जुनीच. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांची हाक रात्री अजून ऐकू येते, असं लोक सांगतात. आमच्या शाळेच्या वाटेवरही असाच एक पडका वाडा आहे. संध्याकाळी तिथे बाईची किंकाळी ऐकली म्हणून सातवीतल्या एका मुलीची शाळा सुटली. घरच्यांनी तावीज बांधला आणि तिला घरी बसवलं.

एका शनिवारी इशाची नमाज पढून तिच्या अब्बांसोबत मी वाड्यात मुक्कामाला गेलो. सोबत टॉर्च, सतरंजी, थर्मासमध्ये चहा. दहा वाजता तुळया कडकडल्या. दिवसभर तापलेलं लाकूड रात्री थंड होताना आकसतं. एकच्या सुमारास माडीवरून किंकाळी आली. माझ्याही अंगावर काटा आला. टॉर्च मारला, तर कोनाड्यात पांढऱ्या चेहऱ्याचं गव्हाणी घुबड! ते घुमत नाही, चिरकतं. खाली उंदरांच्या हाडांचा खच.

अब्बा म्हणाले, "सर, कुराणात जिन्नांचा उल्लेख आहे. नाहीत कसं म्हणू?"

"म्हणू नका," मी म्हणालो. "पण घुबडालाही जिन्न म्हणू नका. आणि ‘इक्रा’, वाच, हेही कुराणातच आहे ना?"

ते फजरपर्यंत काही बोलले नाहीत.

सोमवारी मुलगी वर्गात होती. गळ्यात तावीज होता. तो काढ, असं मी सांगितलं नाही. हजेरी घेतली आणि धडा सुरू केला.