चावडीच्या भिंतीवर लिहिलेलं पाणी

माणदेशात मुलगी द्यायची तर पाहुणे आधी विहीर बघतात, मग मुलगा. माझ्या वडिलांनीही बघितली. फक्त ते आले दिवाळीनंतर, परतीच्या पावसानं विहिरी भरलेल्या असताना. लग्न लागलं वैशाखात. माप ओलांडून आत आले तर पडवीत हंडे-कळशा ओळीनं रिकाम्या, आणि अर्धं वऱ्हाड टँकर आला का म्हणून वेशीकडे बघतंय. माझं माहेर कृष्णाकाठचं, कराडच्या अंगाचं. तिथं पाणी आहे हे सुद्धा कुणाच्या ध्यानात नसतं.

आमच्या सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वर. तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस. दुसऱ्या टोकाला सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आमचा माण तालुका, सरासरी पाचशेच्या आतबाहेर. तोही मृगाला बियाणं भिजवण्यापुरता तोंड दाखवतो आणि खरा पडतो तो सप्टेंबर-ऑक्टोबरात, चार-दोन धुवाधार सरींत. दोन तासांत ओढा दुथडी, संध्याकाळी गुडघाभर, सकाळी वाळू. माती घेऊन पाणी माणगंगेला जायचं आणि आम्ही फेब्रुवारीपासून टँकरचे अर्ज लिहायला घ्यायचो. मला वाटायचं, इथं पाऊसच नाही तर माणसं करणार काय?

हा समज मोडला २०१८ साली. पानी फाउंडेशन या संस्थेनं २०१६ मध्ये तीन तालुक्यांत सुरू केलेली, गावागावांतल्या पाणलोटाच्या कामांची वॉटर कप स्पर्धा तोवर ७५ तालुक्यांत गेली होती. प्रशिक्षणाला गावातून पाच जण पाठवायचे, त्यांत दोन बायका हव्यातच असा नियम. कोणी तयार होईना म्हणून बचत गटाची वही लिहिणारी मी आणि अंगणवाडीच्या मदतनीस अशी आमची नावं टाकली गेली. तिथं फळ्यावर एक साधा हिशेब मांडला. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. हजार हेक्टरचं शिवार आणि ४५० मिलिमीटर पाऊस धरा, ४५० कोटी लिटर. मला आधी वाटलं, सर शून्यं जास्त मांडतायत. परत येताना एसटीत मी तिकिटाच्या मागं तोच गुणाकार पुन्हा केला. शून्यं बरोबर होती.

काम माथ्यापासून पायथ्याकडं करायचं, हे तिथं शिकलो. खाली ओढ्यावर कितीही मोठा बंधारा घाला, वरचा डोंगर उघडा असेल तर तीन पावसाळ्यांत तो गाळानं भरतो. म्हणून आधी डोंगरावर सलग समतल चर, मग घळींत अनघड दगडांचे बांध, मग शेतांची बांधबंदिस्ती आणि शेवटी ओढ्याचं खोलीकरण. गावाला नेमकं उलटं हवं होतं. पोकलेन ओढ्यात उतरलेलं सगळ्यांना दिसतं, फोटोही चांगला येतो. डोंगरावरचा दोन फुटी चर कोण बघतो?

त्या चराची आखणी मात्र बघण्यासारखी असते. दोन पट्ट्या, त्यांना जोडणारी पारदर्शक नळी, नळीत पाणी. एकीनं एक पट्टी धरून उभं राहायचं, दुसरीनं पुढं जाऊन आपली पट्टी वर-खाली सरकवायची. दोन्हीकडं पाणी एकाच खुणेला आलं की तिथं दगड ठेवायचा आणि दगडा-दगडांतून फक्की टाकत जायचं. नळीत एक बुडबुडा राहिला तरी रेघ चुकते. मग चरातलं पाणी एका टोकाला साचतं, तिथून फुटतं आणि खालचे चरही घेऊन जातं. आमचे चुलतसासरे, ज्यांना गाव तात्या म्हणतं, पहिल्याच सकाळी काठी टेकत वर आले.

“सूनबाई, रेघ वाकडी चाललीय.”

“तात्या, डोंगर वाकडाय. रेघ एका पातळीत आहे.”

ते काही बोलले नाहीत. पहिला चर पुरा झाला तेव्हा पिण्यासाठी वर आणलेल्या पिंपातल्या दोन कळशा त्यांनी मला न विचारता चरात ओतल्या. पाणी दोन्हीकडं सारखं पसरलं. त्यानंतर तात्यांनी रेघेवरून बोलणं सोडलं आणि खोलीवरून बोलायला सुरुवात केली.

८ एप्रिल ते २२ मे, पंचेचाळीस दिवस. पहाटे पाचला भोंगा वाजायचा, ऊन चढायच्या आत कुदळी खाली. पहिल्या आठवड्यात पंधरा-वीस डोकी, त्यांतली निम्मी शाळेची पोरं. मग १ मेच्या महाश्रमदानाला शहरातली माणसं आली, आणि आपल्या डोंगरावर पुण्या-मुंबईच्या पोरी टिकाव मारतायत हे बघून घरात बसलेल्यांना लाज वाटली. यंत्रं भारतीय जैन संघटनेनं दिली, डिझेलची जुळवाजुळव गावानं केली. गावचे मुंबईकर एरवी फक्त जत्रेला पट्टी देतात; त्या वर्षी त्यांनी जत्रेचा तमाशा रद्द करायला लावला आणि ते पैसे डिझेलला दिले. त्यावरून तरुण मंडळ आठवडाभर रुसलं होतं, तेही लिहायला हवं.

सगळ्यात अवघड वाटाघाट झाली ती गायरानावर. चर खोदलेल्या डोंगरावर गवत धरायचं तर चराईबंदी हवी, आणि आमच्या गावात धनगरांची वस्ती मोठी. सभेत एक मेंढपाळ उठून म्हणाले, “डोंगर बंद करता तर मेंढरं काय तुमच्या स्लॅबवर चारू?” पाणलोटाच्या पुस्तकांत चराईबंदी एका ओळीत उरकलेली असते. आम्हाला ती ओळ ठरवायला पाच-सहा बैठका लागल्या. शेवटी डोंगराचे तीन भाग केले. एकेक भाग आळीपाळीनं बंद, आणि बंद भागातलं गवत विळ्यानं कापून न्यायचा पहिला हक्क वस्तीचा. आज तिथं कुसळाच्या जागी पवना आणि मारवेल दिसतं. त्याचं श्रेय चरांना जितकं, तितकंच त्या तडजोडीला आहे.

त्या वर्षी राज्यातला पहिला क्रमांक आमच्याच तालुक्यातल्या टाकेवाडीनं पटकावला. आमचं गाव कुठंच नव्हतं. आणि पाऊसही कुठंच नव्हता. ३१ ऑक्टोबर २०१८ ला सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत माण होता. चर कोरडे, जनावरं छावणीत. पारावरची रिकामटेकडी मंडळी मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, “बायकांनी खड्डे खणले, गाव खड्ड्यात गेलं.” मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर नव्हतंच. पाणलोटाचं काम पाऊस पाडत नाही, पडलेला धरतं. हे आधी गावाला नीट सांगायला हवं असतं. स्पर्धेच्या गडबडीत ते कोणीच सांगत नाही.

२०१९ च्या परतीच्या पावसानं ते सांगितलं. चर भरले, वरचे भरून खाली सांडले, ओढा आला तो लाल न येता नितळ आला. पाऊस थांबल्यावरही ओढा वाहत राहिला. जुन्या विहिरीच्या तळाशी नुसता ओलावा असायचा, तिथं संक्रांतीला दोन परस पाणी होतं. सासूबाईंनी विहिरीची ओटी भरली.

आणि त्याच हिवाळ्यात बोअरच्या गाड्या आल्या.

एरवी दुष्काळात बोअर घेतात, हे समजण्यासारखं आहे. आमच्याकडे पाणी वाढल्यावर घेतले. तमिळनाडूच्या पाटीची गाडी एका रात्रीत दोन रानं करायची. आमच्या जमिनीखाली काळा पाषाण. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्यात आणि खडकाच्या चिरांत. आम्ही डोंगरावर जिरवलेलं पाणी त्याच थरात होतं, ज्यातून सगळ्या विहिरींना झरे येतात. तो थर भेदून कोणी पाचशे फूट खाली गेला की वरचं पाणीही त्या भोकातून निघून जायला लागतं. शिवाय कोणी विहिरीत आडवे बोअर मारून शेजाऱ्याच्या बांधाखालून पाणी ओढतो, कोणी विहीर उपसून प्लास्टिकच्या शेततळ्यात भरून ठेवतो आणि त्याला जलसंधारण म्हणतो. सिंचनासाठी साठ मीटरपेक्षा, म्हणजे जवळपास दोनशे फुटांपेक्षा खोल जायला राज्याच्या भूजल कायद्यानं मनाई आहे. कायदा २००९ चा, अंमल २०१४ पासून. आमच्या शिवारात तो कोणी बघितल्याचं ऐकिवात नाही. जे माझ्या शेजारी उभे राहून पाट्या उचलत होते त्यांच्याच रानात पहिला ऊस लागला. पाणी अडवायला गाव एकत्र येतं. वापरताना ज्याची मोटर मोठी त्याचं पाणी.

तेव्हा आम्ही काही जण पाण्याच्या नियोजनासाठी नावाजलेल्या हिवरे बाजारला गेलो. पोपटराव पवारांच्या त्या गावाची झाडी, रस्ते, शाळा सगळे बघतात. मी बघितला तो पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती झाला, पिण्याला किती लागेल, उरलेल्यात कोणती पिकं बसतात, हे दरवर्षी ग्रामसभा ठरवते. सिंचनासाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. पाऊस आमच्यापेक्षा जास्त मुळीच नाही. उसाला हेक्टरी दोन कोटी लिटरच्या आसपास पाणी लागतं हे तिथल्या शाळकरी पोराला माहीत असतं. आमच्या सरपंचांना तोवर नव्हतं.

आल्यावर आम्ही बायकांनी विहिरी मोजायला घेतल्या. शिवारातल्या वरच्या, मधल्या, खालच्या मिळून दहा विहिरी ठरवल्या. मोठा टेप, त्याच्या टोकाला जुन्या मोटारीचा नट बांधलेला. दर एक तारखेला काठावर वाकून टेप सोडायचा. नट पाण्याला टेकला की डुबुक वाजतं, तो आकडा घ्यायचा. मग चावडीच्या भिंतीवर ऑइलपेंटच्या काळ्या चौकटीत खडूनं विहिरीचा नंबर आणि पाण्याची पातळी लिहायची. मालकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पण सात नंबर कुणाची हे बालवाडीतल्या पोरालाही ठाऊक असतं. शेजारी बोअर झालं की त्या महिन्यात सहा आणि आठ नंबर किती उतरल्या हे भिंतच सांगते. एका गृहस्थांनी दोनदा रात्री आकडे पुसले. आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून लिहिले.

त्या भिंतीच्या जोरावर ग्रामसभेत ठराव झाला: सिंचनासाठी नवं बोअर नाही, नवा ऊस नाही, कांदा आणि डाळिंब ठिबकवरच, आणि रब्बीचं नियोजन दिवाळीनंतरची पातळी बघून. ठराव सगळ्यांनी पाळला असं म्हणणार नाही. उसाचे दोन फड अजून उभे आहेत, दोघंही वजनदार. पण बोअरची गाडी आता रात्री गुपचूप येत नाही. आली तर पारावर जाब विचारला जातो.

एक गोष्ट मात्र आम्हाला अजून जमलेली नाही. चर खणणाऱ्यांत भूमिहीन घरं पुष्कळ होती. पाणी वाढलं ते विहीरवाल्यांचं. भूमिहीनांना गवत मिळालं, शिवारात रोजगार वाढला, नळाला पाणी आलं; पण पाण्यात हिस्सा नाही. विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदरमधल्या नायगावला पाणी पंचायत उभी केली तेव्हा पाणी जमिनीच्या एकरांवर न वाटता घरातल्या माणसांवर वाटलं, भूमिहीनांनाही वाटा ठेवला आणि ऊस वर्ज्य केला. पन्नास वर्षं होत आली, तिथवर आमची ग्रामसभा पोचलेली नाही. मी हा विषय दोनदा काढला. दोन्ही वेळा चहा आला आणि सभा संपली.

२०२३ चा पाऊस पुन्हा फसला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात गावात टँकर आला. पूर्वी तो फेब्रुवारीत यायचा, या वेळी मे उजाडला. मधले तीन महिने आमच्या डोंगरानं आणि त्या ठरावानं दिले. मी याला यश म्हणते, चमत्कार म्हणत नाही.

तुमच्या गावात पाणलोटाचं काम निघणार असेल तर पोकलेनला नारळ फोडण्याआधी ग्रामसभा घ्या आणि बोअर, ऊस, चराई यांचं लेखी ठरवा. पाणी आल्यावर कोणी ऐकत नाही. आणि काम झालेलं असेल तर या दिवाळीनंतर दहा विहिरी मोजून आकडे चावडीवर लिहा. टेप आणि खडू, एवढाच खर्च आहे.