वैशाखातली परसबाग : सुट्टीतला विज्ञानाचा तास



रामनवमीची यात्रा सरली की आमच्या पोहरादेवीत खरा उन्हाळा सुरू होतो. सध्या पारा 42-43 अंशांवर आहे. अशा दिवसांत घरामागची परसबाग जगवायची कशी, असं बरेच जण विचारतात. म्हणून यंदाची प्रगती सांगतो.

आधी पाण्याचं बघा. उघड्या आळ्यांना रोज 15 लिटरची बादली लागते आणि त्यातलं बरंचसं वाफ होऊन उडतं. म्हणून वेलांजवळ तीन-तीन लिटरची चार मातीची मडकी गळ्यापर्यंत पुरली आणि तोंडावर झाकणं ठेवली. माती कोरडी झाली की मडक्यातून पाणी झिरपतं, ओली असली की झिरपणं मंदावतं. वरून सोयाबीनचं कुटार पसरलं. आता तिसऱ्या दिवशी मडकी भरतो. म्हणजे तीन दिवसांत 45 लिटरऐवजी 12 लिटर!

भेंडी आणि गवार मजेत आहेत, त्यांना ऊन मानवतं. टमाटरची फुलं मात्र गळताहेत. तापमान 35 अंशांच्या वर गेलं की त्यांचे परागकण नीट काम करत नाहीत. सांबार हिरव्या नेटखाली कसाबसा तग धरून आहे.

हे सगळं मी एकटा बघत नाही. शेजारच्या तांड्यातला एक मुलगा रोज सकाळी येतो. दिवाळीनंतर तो आई-बापासोबत ऊसतोडीला गेला, तो चैत्रात परतला. सहावीचं निम्मं वर्ष बुडालं. "गुरुजी, आता शाळेत बसून मला काय समजन?" असं तो म्हणायचा. त्याच्या वडिलांनीही पुढच्या हंगामाला त्याला सोबत न्यायचं जवळजवळ ठरवलं होतं.

एक दिवस कोहळ्याचा वेल बघून त्यानंच विचारलं, "फुलं एवढी, मग फळ कुठं हाय?" मी दोन फुलं त्याच्या हातात दिली. एकाचा देठ सरळ, बारीक. दुसऱ्याच्या खाली इवलंसं कोहळं. नर आणि मादी फुलातला फरक त्यानं स्वतः शोधला. उन्हात मधमाश्या कमी फिरतात, म्हणून सकाळी सातच्या आत नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाला लावायचे, हे काम त्यानं अंगावर घेतलं. प्रत्येक देठाला दोरा बांधला, वहीत तारीख लिहिली. सात फुलांपैकी पाच धरली. "पाच सप्तमांश," तो आपणहून म्हणाला. अपूर्णांक त्याला येतो, हे त्याला त्या दिवशी कळलं.

परवा त्याचे वडील वही बघून गेले. वाचता येत नाही, पण पानं मात्र सगळी उलटली. जाताना एवढंच विचारलं, "शाळा कधी उघडते, गुरुजी?"

पालकहो, सुट्टीत महागडं शिबिर नसलं तरी चालेल. एक वेल, एक मडकं, एक वही द्या. मोजायचं काम मुलाला करू द्या आणि उत्तर सांगायची घाई करू नका. गळालेली दोन फुलं का गळाली, हे आमचंही अजून शोधणं चालू आहे.