जेम्सचीं भुतें

भुताखेतांच्या गोष्टी वाचणें हा प्रौढ माणसास न शोभणारा छंद आहे, असें अनेक सुशिक्षित घरांतून समजलें जातें. संतचरित्रें, इतिहास, फार तर एखादी नांवाजलेली कादंबरी, एवढेंच कपाटाच्या दर्शनी रांगेंत ठेवावयाचें. भयकथा असलीच तर ती मागें. आमचें मत निराळें आहे. माँटेग्यू ऱ्होड्स जेम्स ह्या इंग्रज लेखकाच्या भूतकथा आम्हीं आजवर वारंवार वाचल्या आहेत, आणि आमच्या कपाटांत त्या दर्शनी रांगेंतच आहेत. हा मान त्यांस कां दिला, तें येथें सांगण्याचा विचार आहे.

जेम्सचा जन्म १८६२ सालचा. तो १९३६ सालीं वारला. पेशानें तो पंडित. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचा व पुढें ईटनच्या विख्यात शाळेचा तो प्रमुख होता, आणि जुन्या हस्तलिखितांच्या सूची तयार करण्यांत त्याच्या आयुष्याचा मोठा भाग खर्चीं पडला. भूतकथा हा त्याचा फावल्या वेळचा उद्योग. नाताळच्या सुमारास मित्रमंडळी जमली, कीं मेणबत्तीच्या उजेडांत तो नवी गोष्ट वाचून दाखवी. त्याच्या पहिल्या संग्रहामागें एक दुःखद हकीकत आहे. जेम्स मॅकब्राइड नांवाचा त्याचा तरुण मित्र ह्या गोष्टींसाठीं चित्रें काढीत होता. चार चित्रें होतात न होतात तोंच १९०४ सालीं त्यास मृत्यूनें गांठलें. उरलेलीं चित्रें दुसऱ्या कोणाकडून काढवून घेण्यास जेम्स तयार झाला नाहीं. त्याच वर्षीं पुस्तक निघालें तें त्या चार चित्रांनिशीं.

ह्या लेखकाचा पहिला गुण म्हणजे संयम. किंकाळ्या, रक्ताचे पाट, हाडांचे सांगाडे ह्या सामग्रीवर त्याची भिस्त नाहीं. त्याचें भूत पुष्कळदां डोळ्यांस दिसण्यापूर्वीं हातास लागतें. 'कास्टिंग द रून्स' ह्या कथेंतील डनिंग नांवाचा गृहस्थ रात्रीं अंधारांत उशीखालीं हात घालतो, तों बोटांस लागतें एक तोंड. त्यास दांत आहेत आणि भोंवतीं केस. लेखक ह्यापुढें वर्णन करीत बसत नाहीं, आणि तेंच बरें. कारण उशी प्रत्येकाच्या घरीं असते! शिटीच्या प्रसिद्ध कथेंत भुतांवर मुळींच विश्वास नसलेला एक प्राध्यापक समुद्रकांठच्या पडक्या अवशेषांत सांपडलेली जुनी शिटी फुंकतो. पुढें त्याच्या खोलींतील रिकाम्या खाटेवरची चादरच उठून उभी राहते. तिचा चेहराही चुरगळलेल्या कापडाचाच. नित्याच्या अंथरुणापांघरुणांतून एवढें भय काढणारा दुसरा लेखक आमच्या वाचनांत नाहीं.

परंतु त्यास आम्ही मोठा मानतों तें दुसऱ्याच कारणासाठीं. आपल्याकडील भुतास बहुधा कांहीं तरी हवें असतें. कोणाची वासना राहिलेली असते, कोणाचें धन पुरलेलें असतें, कोणाचे अंत्यसंस्कार झालेले नसतात. त्याचें मागणें पुरवावें, म्हणजे तें सुटतें आणि घरही सुटतें. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या 'समर्थ'कथांतही, संकट कितीही घोर असो, त्याहून मोठी मंगल शक्ति पाठीशीं आहे, हा दिलासा वाचकास लाभतो. जेम्सच्या उत्कृष्ट कथांत असा दिलासा नाहीं. 'अ वॉर्निंग टु द क्युरिअस' ही त्याची १९२५ सालच्या संग्रहांतील कथा पाहावी. परचक्रापासून किनाऱ्याचें रक्षण व्हावें म्हणून इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यालगत प्राचीन काळीं तीन मुकुट पुरले होते, अशी तीत दंतकथा आहे. त्यांपैकीं उरलेला शेवटचा मुकुट पॅक्स्टन नांवाचा तरुण केवळ कुतूहलानें उकरून काढतो. तेव्हांपासून मुकुटाच्या मृत रखवालदाराची छाया त्याच्या पाठीस लागते. पॅक्स्टन खरोखर पस्तावतो, दोन भल्या माणसांच्या सोबतीनें मुकुट होता तेथें पुन्हां पुरतो. आणि तरीही दुसऱ्या दिवशीं धुक्यांतून किनाऱ्यावर ओढला जाऊन मारला जातो.

हा अन्याय आहे, असें कोणी म्हणेल. आहेच. पण जगांत अपराध आणि शिक्षा ह्यांचें माप जुळतें, असें कोणीं अनुभवलें आहे? पहिलें महायुद्ध चाललें असतां जेम्स किंग्ज कॉलेजचा प्रमुख होता. तेथील किती तरी तरुण रणांगणावर गेले ते परतले नाहींत. परचक्र रोखणारा मुकुट आणि निष्कारण बळी गेलेला तरुण, ह्या कथेमागें तें दुःख असावें, असें आम्हांस वाटतें. हा तर्क आमचा, आणि त्याची जबाबदारीही आमचीच.

आवड असली तरी दोष झांकूं नयेत. १९१९ सालचा 'अ थिन घोस्ट' हा संग्रह आम्हांस फिका वाटतो. त्यांतील 'टू डॉक्टर्स' ह्या कथेंत कोणीं कोणाचें काय केलें, हें तीनदां वाचूनही नीट उलगडत नाहीं. 'लॉस्ट हार्ट्स' मध्यें दुष्टाचें शासन इतकें चोख होतें, कीं भय ओसरून केवळ समाधान उरतें. शिवाय ह्या कथांच्या जगांत स्त्रिया फारच थोड्या. सारा कारभार अविवाहित पंडितांचा. आमच्या वाचकभगिनींस हें खटकलें, तर त्यांचा रोष आम्ही योग्यच मानूं.

ज्यांस आरंभ करावयाचा असेल त्यांनीं 'द मेझोटिंट' ही कथा आधीं घ्यावी. एका छापील चित्रांत दर वेळीं पाहावें तों कांहीं तरी बदललेलें असतें, एवढाच तिचा विषय. पंधरासोळा वर्षांच्या मुलामुलींनीं ती वाचण्यास आमची हरकत नाहीं. पॅक्स्टनची कथा मात्र वडीलधाऱ्यांनीं त्यांच्यासमवेत वाचावी. 'त्यानें मुकुट परत ठेवला होता ना, मग तो कां मेला?' असें मूल विचारील. तेव्हां खोटें समाधान सांगूं नये. कांहीं गोष्टी परत ठेवल्यानें फिटत नाहींत, आणि कित्येकदां निरपराध माणसासही भोगावें लागतें, हें त्यास सरळ सांगावें. बाहेर केव्हां तरी त्यास तें कळणारच आहे. घरांत, दिव्याच्या उजेडांत, आपल्या माणसांजवळ बसून कळलेलें बरें.