मावशींच्या ओट्यावरचा वारा

उपदेश करणे सोपे असते, हे आम्हा धर्मगुरूंना कुणी शिकवावे लागत नाही. २०२४ च्या प्रायश्चित्तकाळात एका रविवारी आम्ही ‘विजेचा उपवास’ या विषयावर प्रवचन केले. शुक्रवारी मांसाहार वर्ज्य करणाऱ्या आपण भाविकांनी आठवड्यातून एक सायंकाळ तरी अनावश्यक दिवे, टीव्ही आणि वातानुकूलन वर्ज्य करावे, असे आवाहन केले. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाचा दाखला दिला. मिस्सा संपल्यावर तिघाचौघांनी येऊन आमचा हात हातात घेतला. त्या रात्री आम्ही समाधानाने झोपलो. खोलीत अर्थातच गारवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या वाडीतील मावशी आल्या. चर्चच्या कुंपणाला लागूनच त्यांचे कौलारू घर आहे. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, पती निवर्तलेले, वाडीत मोगऱ्याची लागवड. पहाटे तीन-साडेतीनला त्या आणि त्यांची सून बॅटरीच्या उजेडात कळ्या खुडतात, ओट्यावर निवडतात आणि पहिल्या गाडीने त्या कळ्या दादरच्या फूलबाजारात जातात. वसईकर वाचकांना हा क्रम नव्याने सांगायला नको.

“फादर, काल फार चांगलं बोललात,” मावशी म्हणाल्या. मग पदराचे टोक बोटाला गुंडाळीत बराच वेळ थांबल्या. “एक सांगू? रागावू नका. तुमच्या खोलीचं ते यंत्र आमच्या ओट्याकडे तोंड करून आहे. रात्रभर गरम वारा टाकतं. कळी टोपलीतच फुटायला लागते. फुटलेल्या कळीला दादरला कोण विचारतो?”

आम्ही काय उत्तर दिले ते आता आठवत नाही. काहीतरी गुळमुळीत बोललो असू. त्या गेल्यावर मात्र मागच्या गल्लीत जाऊन उभे राहिलो. यंत्र बंद होते. परंतु जाळीसमोर हात धरताना रात्रीचा तो झोत कल्पनेने अंगावर आला. दोन वर्षे आम्ही त्या खोलीत राहत होतो आणि यंत्राच्या मागची बाजू एकदाही पाहिली नव्हती.

वातानुकूलन यंत्र उष्णता नाहीशी करीत नाही, केवळ हलविते. खोलीतली उष्णता बाहेर नेते आणि स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णता तीत मिसळून शेजाऱ्याच्या दारात ठेवते. शाळेत पदार्थविज्ञान शिकताना हे आम्हाला ठाऊक होते. सेमिनरीतील तत्त्वज्ञानाच्या वर्षांत बहुधा विसरलो. पोप फ्रान्सिस यांनी परिपत्रकात हानिकारक उपभोगाच्या सवयींचे साधे उदाहरण म्हणून नेमके वातानुकूलनाचेच नाव घेतले आहे. तो परिच्छेद आम्ही वाचलेला होता. प्रवचनात मात्र तो घेतला नव्हता, हे येथे कबूल करणे भाग आहे.

त्या दिवसापासून आम्ही वीजमीटर पाहू लागलो. सकाळी प्रार्थनेनंतर एक आकडा, रात्री निजण्यापूर्वी एक आकडा, एका जुन्या रोजनिशीत. आमचे दीड टनाचे जुने यंत्र तासाला साधारण दीड युनिट वीज घेत होते. आठ तासांच्या झोपेचे बारा युनिट झाले. महाराष्ट्राची वीज अजूनही मुख्यत्वे कोळशावर तयार होते, आणि देशाच्या सरासरीने एका युनिटामागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे आमच्या एका रात्रीच्या झोपेसाठी आठ किलोंहून अधिक. एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत अर्धा टन. खोली एक, माणूस एक. ज्या चंद्रपूरच्या उन्हाळ्याच्या बातम्या आपण दर वर्षी वर्तमानपत्रात वाचून हळहळतो, त्याच चंद्रपुरात राज्याचे एक मोठे औष्णिक वीजकेंद्र आहे. मावशींचा ओटा निदान आम्हाला खिडकीतून दिसतो.

पहिला विचार सुचला तो लबाडीचा होता: यंत्राचे तोंड दुसऱ्या बाजूला फिरवावे. त्या बाजूला शाळेचे वर्ग आहेत. तिसऱ्या बाजूला गुलमोहर आणि त्याखाली रिक्षावाल्यांचा थांबा. गरम हवेला जाण्यास निर्दोष दिशा नाही, हे गल्लीत दोन फेऱ्या घातल्यावर उमगले.

मग घरातल्या लोकांना असते ती सामान्य अक्कल वापरली. गच्चीला चुन्याचा पांढरा हात दिला. पश्चिमेच्या खिडकीवर बांबूची चटई सोडली. जुना पंखा ७५ वॅटचा होता. त्याच्या जागी ३० वॅटच्या आत चालणारा नव्या धाटणीचा पंखा लावला. पहिल्या चार रात्री झोप आली नाही. पाचव्या रात्री आली. ही फार मोठी तपस्या नव्हे. आमचे वडील आयुष्यभर ओट्यावर बाज टाकून निजले.

वडिलांचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्या लहानपणी वाडीच्या विहिरीवर रहाट होता. जनावर दमले की रहाट थांबे, आणि रहाट थांबला की विहीर पुन्हा भरे. पुढे विजेचा पंप आला. वडिलांनी त्याला हार घातला होता, तो दिवस आम्हाला आठवतो. पंप दमत नसे. शेजारच्यांचेही पंप दमत नसत. नंतर नव्या इमारतींसाठी टँकर भरू लागले. काही वर्षांनी पाण्याची चव बदलली, केळीच्या पानांच्या कडा करपू लागल्या आणि समुद्राचे खारे पाणी जमिनीखालून वाडीत शिरल्याचे ध्यानात आले. वसईच्या किनारपट्टीत ही कथा अनेक घरांची आहे. दोष विजेचा नव्हता. थांबण्याची वेळ सांगणारे जनावर आम्ही विकून टाकले होते.

सौरऊर्जेविषयी बोलताना ही विहीर आमच्या मनातून जात नाही. सौरऊर्जा हवीच, याविषयी आम्हाला शंका नाही. २००८ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या काळात व्हॅटिकनच्या पोप पॉल सहावे सभागृहाच्या छपरावर सुमारे २,४०० सौरफलक बसले. जून २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘भ्राता सूर्य’ अशा अर्थाचे शीर्षक असलेले पत्र काढून रोमजवळच्या सांता मारिया दि गालेरिया येथे शेतजमिनीवर सौरप्रकल्प उभारण्याची आज्ञा दिली. सूर्याला भाऊ म्हणण्याची ही रीत असिसीकर संत फ्रान्सिसची, आठशे वर्षांपूर्वीची. आपल्याकडेही फेब्रुवारी २०२४ पासून ‘पीएम सूर्यघर’ योजनेत घरगुती छतासाठी केंद्राचे अनुदान आहे. तीन किलोवॅटला ७८,००० रुपये. एका किलोवॅटला सावली नसलेली शंभर चौरस फूट जागा पुरते आणि स्वच्छ उन्हात दिवसाला चारेक युनिट मिळतात. आषाढात त्याहून पुष्कळ कमी. समुद्राची खारी धूळ आणि पारव्यांची विष्ठा पुसत राहावी लागते. आणखी एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत: बॅटरी नसेल तर महावितरणची वीज गेली की फलकही वीज देणे थांबवितात, कारण खांबावर चढलेल्या कामगाराला आपल्या छपरावरील विजेचा धक्का बसता कामा नये. मे २०२१ मधील तौक्ते वादळानंतरच्या काळोख्या रात्री ज्यांना आठवतात, त्यांनी हे आधीच विचारून घ्यावे.

आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने मोठ्या हौसेने फलक बसविले. आशीर्वाद द्यायला आम्हीच गेलो होतो. वर्षभरात त्यांचे बिल जवळजवळ शून्यावर आले आणि त्या आनंदात घरात आणखी दोन वातानुकूलन यंत्रे आली. आता बिल पूर्वीइतकेच येते. त्यांना हसण्याचा आम्हाला अधिकार नाही, परंतु रहाट आठवला.

याच सुमारास खरी परीक्षा आली. आखातात नोकरी करणाऱ्या आमच्या एका धर्मग्रामस्थाने आपल्या आईच्या स्मरणार्थ संपूर्ण चर्च वातानुकूलित करून देण्याची इच्छा कळविली. कंत्राटदार येऊन मोजमाप करून गेला. चाळीस टनांची यंत्रे लागतील म्हणाला. पॅरिश कौन्सिलमध्ये आनंदीआनंद झाला. शेजारच्या धर्मग्रामात आहे, मग आपल्याकडे का नको? आम्ही रोजनिशी काढून हिशेब मांडला. तासाला चाळीसेक युनिट, रविवारचे पाच तास: एका रविवारी दोनशे युनिट, म्हणजे काटकसरीने राहणाऱ्या दोन लहान कुटुंबांची महिन्याची वीज. आणि गरम हवा? ती कोणत्या बाजूला सोडणार, असे आम्ही विचारले. मावशींच्या वाडीकडे, असे कंत्राटदाराच्या नकाशात होते.

आम्ही नकार कळविला. त्या गृहस्थांचा रात्री फोन आला. आवाज शांत होता. “फादर, माझी आई शेवटची दोन वर्षं उकाड्यामुळे मिस्सेला येऊ शकली नाही. घरी टीव्हीवर मिस्सा बघायची. तुम्ही हिशेब सांगता आहात, मी आईबद्दल बोलतो आहे.”

वाचकहो, या वाक्याला रोजनिशीत उत्तर नव्हते. उन्हाळा पूर्वीचा राहिलेला नाही आणि उष्म्याने वृद्ध माणसे दगावतात, हे खरेच आहे. आमच्याच निवासात चौऱ्याऐंशी वर्षांचे एक निवृत्त धर्मगुरू राहतात. त्यांचे हृदय अधू आहे. आमच्या खोलीतील यंत्र आम्ही काढले ते भंगारात दिले नाही. त्यांच्या खोलीत, वाडीपासून दूरच्या बाजूला, गच्चीच्या उंचीवर बसविले आणि २६ अंशांवर ठेवले. ज्याला गारव्याची गरज आहे त्याला तो नाकारणे हा उपवास नव्हे, क्रौर्य आहे. मग त्या माउलीसाठी आम्ही काय केले असते?

मे महिन्यात आम्ही चर्चच्या भिंती नीट पाहिल्या. आपल्या पूर्वजांनी वरच्या अंगाला झरोके ठेवले होते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पारव्यांचा त्रास म्हणून ते फळ्यांनी बंद झाले होते. युवकांनी परांची बांधून फळ्या काढल्या आणि जाळ्या बसविल्या. वर साचणारी गरम हवा निघून जाऊ लागली. उन्हाळ्यात रविवारची मोठी मिस्सा साडेआठऐवजी साडेसहाला ठेवली. यावर मात्र बरीच कुरकुर झाली, अजूनही चालू आहे. वेदीशेजारची जुनी सामानाची खोली रिकामी केली. तिला मोठी काच लावली तर वृद्ध आणि आजारी भाविकांना तेथे गारव्यात बसून वेदी दिसेल. वीसेक खुर्च्या मावतात. एक लहान यंत्र पुरेल, आणि शाळेच्या छपरावर काही फलक बसले तर त्याची दिवसाची वीज तेथूनच मिळेल.

हे सर्व आम्ही त्या गृहस्थांना सविस्तर पत्राने लिहिले. त्या खोलीला त्यांच्या आईचे नाव द्यावे, असेही सुचविले. फोनवर बोलण्याचा धीर झाला नाही. पत्र जाऊन पुष्कळ महिने झाले, उत्तर नाही. गेल्या नाताळात ते सुटीवर आले होते, असे कळले. मध्यरात्रीच्या मिस्सेला ते शेजारच्या धर्मग्रामात गेले.

खोली झाडून ठेवली आहे. काच अजून लावलेली नाही. मावशी येता-जाता विचारतात, “फादर, आलं का त्यांचं काही?” आणि आम्ही मान हलवितो.